नागपुरे गुरुजींचा पांढरा कोट

नागपुरे गुरुजींनी मला विचारलं होतं, "मास्तर, मी धोतरातच गेलो तं चालणार नाही का?" आणि मी म्हणालो होतो, "नाही गुरुजी, तिथं धोतर चालत नाही."

हे खोटं होतं. आमंत्रणाच्या कार्डावर उजव्या कोपऱ्यात, बारीक इंग्रजी अक्षरांत, पोशाखाबद्दल एक ओळ छापलेली असते. गुरुजींच्या कार्डावरच्या त्या ओळीत राष्ट्रीय पोशाख चालेल असं स्पष्ट लिहिलं होतं आणि धोतर, कोट, टोपी हा पोशाख त्यात बसत होता. ती ओळ वाचून तिचा अर्थ सांगणारी माणसं तेव्हा बालाघाटात फार नव्हती. मी त्यांतला एक होतो. त्याचा मला ताठा होता आणि त्या ताठ्यातून ते वाक्य बाहेर पडलं.

मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा' असं मला सांगण्यात आलं आहे. गमती आहेत, त्या लिहितोही. पण ही गोष्ट बाजूला ठेवून त्या लिहायला बसलो तेव्हा दोन वेळा कागद फाडला. म्हणून हे आधी सांगून टाकलं.

मी शिंपी. मूळचा बालाघाटजवळच्या हट्टा गावचा. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला जबलपूरला छावणीच्या बाजारात एका उस्तादांच्या हाताखाली ठेवलं. उस्तादांनी गोऱ्या साहेबांचे कोट शिवलेले. पहिलं वर्षभर त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. कोटाच्या छातीत कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कॅनव्हास असतो, तो हातटाक्यांनी बसवायचा, एवढंच काम. टाका वरून दिसला की उसवायचा. उस्ताद म्हणायचे, "सिलाई तो सब कर लेते हैं. कब क्या पहनना है, ये जो बता दे, वो दर्जी." चार वर्षांत कोट शिवायला शिकलो आणि त्याहून जास्त, तो कधी घालायचा ते शिकलो.

बाहेरच्या माणसाला हे सगळं थोतांड वाटतं, पण त्यात एक हिशेब आहे. सूर्य वर असेपर्यंत हलके रंग, मावळला की गडद. 'लाउंज सूट' हे नाव वाचून भलेभले घाबरायचे. म्हणजे काय, तर एकाच कापडाचा साधा कोट आणि पँट, वर टाय. रेशमी कॉलरचा काळा कोट आणि काळा बो हे साहेबांच्या जेवणाचं सोंग स्वातंत्र्यानंतर हळूहळू मागं पडलं. त्याच्या जागी आला बंद गळ्याचा कोट. संध्याकाळी काळा, कडक उन्हाळ्यात पांढराही चालतो. गळ्याचा हूक लावलाच पाहिजे, मग कितीही गुदमरो. वरच्या खिशात पेन ठेवायचं नाही. बूट काळे, नाडीचे. आणि बटणं कापडाच्या रंगाची. पितळेची चकचकीत बटणं ही फौजेची, नाहीतर क्लबात ट्रे घेऊन फिरणाऱ्या बेअऱ्यांची. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते विसरलो नव्हतो. ते मला पाठ होतं.

छप्पन साली प्रांत बदलले. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं, आमची राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. आमच्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली. कारकून, वकील, मास्तर, ज्यांना जमलं ते नागपूरला नाहीतर गोंदियाला निघून गेले. त्यांच्या जागी उत्तरेकडून नवे अधिकारी आले. अधिकाऱ्यांच्या क्लबात संध्याकाळचे समारंभ वाढले. कोणी बदलून आला, कोणी बदलून गेला की कार्डं निघायची. कार्ड मिळालं की लोक आधी माझ्या दुकानात यायचे. ते समोर धरून विचारायचे, "मास्टर, इसमें क्या लिखा है?" मी चष्मा लावून, उगाच वेळ घेऊन वाचायचो. खरं तर ती ओळ मला एका नजरेत कळत असे.

किरनापूरचा एक लाकडाचा ठेकेदार होता. त्याला कोणाच्या तरी फोटोत काळा बो दिसला आणि तोच पाहिजे म्हणून तो हटून बसला. मी सांगितलं, त्याच्यासाठी कडक कॉलरचा शर्ट लागतो. तो म्हणाला, "शर्ट नाही घालत मी. गळ्याशी घुसमटते." शेवटी त्यानं रेशमी कुडत्यावर बो बांधला आणि ऐटीत क्लबात गेला. दुसऱ्या दिवशी खूश होऊन सांगायला आला, "सारे माह्याकडेच पाहून राह्यले होते!" मी म्हटलं, "पाहणारच."

दुसरी जोडी म्हणजे एक डॉक्टर आणि एक वकील. दोघं नवे, दोघांकडे कार्ड आणि दोघांत मिळून एका कोटाचं कापड. डॉक्टर काडीसारखा, वकील पोट सुटलेला. "दोघांले बसन असा शिवा," म्हणाले. मी पाठीच्या शिवणीत दाब जास्त सोडला, आत चोरहूक लावले. हूक लावला की डॉक्टर, सोडला की वकील. डॉक्टर अर्धा तास आत जाऊन आले, मेंदीच्या कुंपणामागं कोट उतरवला आणि वकील तो चढवून आत गेले. क्लबाचे मुख्य बेअरे रहमतभाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्टर, आपका कोट कल दो बार आया. पहली बार भूखा था, दूसरी बार सब खा गया."

या गोष्टी मी खूप वेळा सांगितल्या आहेत. लोक हसतात. दुकान बंद करून घरी आल्यावर मात्र सांगायला कोणी नसे. लग्नानंतर दोन वर्षांत माझी बायको तापानं गेली. पुन्हा लग्न केलं नाही. दिवसभर बहुतेक हिंदी बोलायचं आणि घरी येऊन कोणाशीच बोलायचं नाही, असं चाललं होतं. कधीकधी मराठी शब्द आठवत नसे. 'कानस' आठवायला मला एकदा दोन दिवस लागले.

म्हणून नागपुरे गुरुजींचा रविवार मला मोठा वाटायचा. गुरुजी राजेगावचे, तिथल्याच शाळेत शिकवायचे. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. दर रविवारी बाजाराला बालाघाटात यायचे आणि बाजार आटपला की माझ्या दुकानातल्या बाकावर बसायचे. नागपूरचा जुना पेपर कोणाकडून तरी मिळवलेला असायचा. तो मोठ्यानं वाचून दाखवायचे, मी मशीनवर शिवत ऐकायचो. मध्येच थांबून म्हणायचे, "मास्तर, आता इथं जरा तुमची मशीन बंद ठेवा, चांगलं लेहलं हाय यानं." मी थांबायचो. आमच्यात याहून वेगळी काही मैत्री नव्हती. पण कामापलीकडचं कोणी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत असेल, तर ते गुरुजी.

त्यांचा एक विद्यार्थी होता, वसंत. गावातल्या सुताराचा मुलगा. गुरुजींनी त्याला सायकलवर पुढं बसवून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला नेलं होतं. वाटेत चाक पंक्चर झालं तर त्याला खांद्यावर घेऊन तीन मैल चालले होते. ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली असेल. वसंत पुढं इंजिनियर झाला, धरणांच्या कामावर दिल्लीपर्यंत पोचला. एका उन्हाळ्यात तो सरकारी कामासाठी बालाघाटला येणार होता. जिल्ह्याचा मुलगा म्हणून क्लबानं त्याच्यासाठी समारंभ ठेवला आणि त्यानं कळवलं, माझ्या गुरुजींना बोलवा.

गुरुजी कार्ड घेऊन बुधवारी आले. रविवार नसताना ते आले ही पहिलीच वेळ. समारंभ शनिवारी संध्याकाळी.

"पाहा मास्तर, वसंतानं धाडलं," म्हणाले. कार्ड रुमालात गुंडाळून आणलं होतं. मग त्यांनी धोतराचं विचारलं आणि मी ते वाक्य बोललो.

"मग काय घालू?"

"बंद गळ्याचा कोट आणि पँट. माझ्यावर सोडा."

माझ्यावर सोडा म्हणालो खरा. पण त्या आठवड्यात माझ्याकडे तीन अधिकाऱ्यांचे कोट होते आणि शनिवारपर्यंत ते द्यायचे होते. काळं कापड दुकानात नव्हतं. गोंदियाहून आणायचं तर एक दिवस मोडला असता. मात्र पांढरं जाड ड्रिल कापड होतं. त्याच महिन्यात मी क्लबाच्या बेअऱ्यांचे नवे पोशाख शिवले होते, त्यातलं उरलेलं. क्लबाच्या नव्या सेक्रेटरींना बेअऱ्यांच्या पगड्या आणि कमरेचे लाल पट्टे म्हणजे गुलामीची निशाणी वाटायची. त्यांनी ते काढून टाकले आणि साधे पांढरे, बंद गळ्याचे, पितळी बटणांचे कोट करायला सांगितले. त्या कोटाचा कागदी खाका अजून टेबलावर होता. गुरुजींच्या अंगाला तो थोडा सैल झाला असता, एवढंच.

मी तोच खाका, तेच कापड घेतलं.

उन्हाळ्यात पांढरा चालतो, असं मी स्वतःला सांगितलं. नियमात ते बसतही होतं. बटणांचं मात्र काही सांगता येत नव्हतं. शुक्रवारी गुरुजी कोट घालून पाहायला आले. डब्यात बेअऱ्यांची उरलेली पितळी बटणं होती. ती त्यांना आवडली. "हे लावा ना मास्तर, कशी चमकून राह्यली पाहा. वसंताले दुरून दिसन." मी तेव्हा बोलायला हवं होतं. पांढरी बटणं शोधायला पाच मिनिटं लागली असती. पण बाहेर एका अधिकाऱ्याचा शिपाई साहेबांच्या कोटासाठी उभा होता. मी मान हलवली आणि पितळी बटणं लावून दिली. मनात असंही आलं की, गुरुजींना कुठं काय कळणार आहे. हे वाक्य लिहायला नको वाटतं, पण ते माझ्या मनात आलं होतं.

शनिवारी चार वाजता ते दुकानातच तयार झाले. पहिल्यांदा पँट घातलेली, त्यामुळं पाय जरा फाकवून चालत होते. आरशात पाहून म्हणाले, "मास्तर, मीच हाव ना हा?"

"तुम्हीच, गुरुजी. साहेब दिसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तोच रहमतभाई आले. बसले नाहीत. "मास्टर, कल जो बुजुर्ग आए थे, सफेद कोट में, वो आपके आदमी थे?"

मी हो म्हणालो.

"बड़ी गलती हो गई," ते म्हणाले. एका भोपाळच्या बाईंनी त्यांच्या हातात रिकामा ग्लास दिला. मग आणखी कोणी तरी दिला. क्लबाच्याच एका नव्या पोरानं घाईत त्यांच्या हातात भरलेला ट्रे दिला. "मैं अंदर था. बाहर आया तो वो पूरा चक्कर लगा चुके थे. फिर ट्रे रखी और रसोई की तरफ से निकल गए. मैंने आवाज दी. पलटे नहीं." जाताना रहमतभाईंनी माझ्या टेबलावरच्या खाक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

रविवारच होता, पण गुरुजी त्या दिवशी आले नाहीत. पुढच्या रविवारी आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. पेपर नव्हता. बाकावर बसले आणि आपण होऊन सांगायला लागले.

"मास्तर, मले वाटलं इथंही आपल्यासारखंच असन. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मोठा माणूस वाढायले उठते ना? सरपंच वाढते, गुरुजी वाढते. पाहुण्याचा मान असते तो. मले वाटलं, वसंतानं मले मान देला. म्हणून खुशीत फिरलो. सगळ्यांले हसून हसून देलं. मग वसंतासमोर गेलो."

मी मशीनवर होतो.

"त्यानं ग्लास उचलला. थँक्यू म्हणला. माह्या तोंडाकडे पाह्यलं नाही. मी त्याच्या नावानं हाक मारणार, तं तो दुसरीकडे वळला. मग मले दिसलं. चार जण भिंतीपाशी उभे होते. माह्यासारखेच."

"गुरुजी..." मी म्हणालो.

"तुमचा दोष नाही मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही तं चांगला कोट शिवला. माणसाच्या तोंडावरच लेहलं असते. तोंडाले कोट चढवता येत नाही. मी दिसतोच तसा, त्याले कोण काय करन?"

भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या चौघांचे कोट मीच शिवले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, एकसारखे पांढरे कोट हा योगायोग आणि निवाडा केला तो त्यांच्या चेहऱ्यानं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की तो कोट बेअऱ्याचा होता. चार शब्द. मी ते बोललो नाही. क्लबाचं काम जाईल, अधिकाऱ्यांच्या कानावर जाईल, हे तर मनात आलंच. पण त्याहून जास्त भीती वाटली ती ही, की ते उठून जातील आणि पुन्हा येणार नाहीत. मी मशीनचा पायटा हलवत राहिलो. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं.

ते तरीही गेलेच. दोन-तीन रविवार आले, थोडा वेळ बसले, मग येणं बंद झालं. बाजार राजेगावाजवळही भरतो, म्हणाले, इतक्या लांब कशाला यायचं. मी बाक तिथंच ठेवला. त्यावर गिऱ्हाइकं कापडाच्या थैल्या ठेवायची.

त्यानंतर मी पुष्कळ कोट शिवले. नवे अधिकारी आले, गेले. कार्डाच्या कोपऱ्यातली ओळ वाचायला लोक येत राहिले, पण आता मी वाचून दाखवताना सगळं वाचायचो, काय काय चालतं ते सगळं. कोणी धोतराचं विचारलं तर म्हणायचो, खुशाल जा. त्यानं काही भरून येत नव्हतं. राजेगाव काही परमुलूख नाही. गोंदियाची कुठलीही बस तिथं थांबते. त्यानंतरच्या बारा वर्षांत मी त्या बसमध्ये कितीतरी वेळा बसलो, अस्तर आणायला, बटणं आणायला. राजेगाव आलं की खिडकीतून दुसऱ्या बाजूला पाहायचो.

मागच्या वर्षी हिवाळ्यात एक साठीकडे झुकलेले वाटणारे गृहस्थ दुकानात आले. गाडी बाहेर उभी. कोटाच्या बाहीचं बटण तुटलं होतं, संध्याकाळी कार्यक्रम होता. मी बटण लावत असताना त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "इथं राजेगावचे नागपुरे गुरुजी यायचे ना? ते पत्रात तुमच्याबद्दल लिहायचे. पूर्वी."

ते वसंतराव होते. वयानं साठीचे नव्हते, केस मात्र सगळे पिकले होते.

"गुरुजी माझ्यावर का रागावले, तुम्हाला माहीत आहे का?" ते म्हणाले. "दर दिवाळीला पत्र टाकतो. बारा वर्षं उत्तर नाही. एकदा गावी गेलो तर घरात नाहीत म्हणून निरोप आला. मागच्या दारातून जाताना मला ते दिसले होते. इथल्या क्लबात माझा समारंभ झाला होता, त्याला मी त्यांना मुद्दाम बोलावलं. आले नाहीत. त्या दिवशी मी कोणाशी काय बोललो ते मला आठवत नाही. सगळा वेळ दाराकडे पाहत होतो, आता येतील, मग येतील म्हणून."

मी बटणाचा दोरा तोडून कोट टेबलावर ठेवला.

"तुम्हाला काही ठाऊक आहे का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

तिथंच सांगून टाकावं असं वाटलं. पण ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याआधी दुसऱ्याला सांगणं बरोबर नव्हतं. मी म्हणालो, "आहे. पण आधी मला एका माणसाला विचारावं लागेल. तुम्ही उद्या संध्याकाळपर्यंत आहात?"

"डाक बंगल्यावर आहे. परवा सकाळी जाईन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं राजेगावला गेलो. गुरुजी अंगणात खाट विणत होते. वाळले होते, पण ओळखू येत होते. त्यांनी मान वर केली.

"या मास्तर. रस्ता चुकले का?"

"नाही गुरुजी. तुमच्याचकडे आलो."

"बारा वर्षांनी?" ते हसले. आत हाक मारली, "ऐकलं का, बालाघाटचे मास्तर आले. चहा टाका." मग मला म्हणाले, "दोरी धरा ही. बसल्या बसल्या काही कामाचे तं व्हा."

मी दोरीचं टोक धरलं. ते ओढत होते, मी ताण देत होतो. चहा आला, पिऊन झाला. शेवटी डोळे दोरीवर ठेवून म्हणालो, "गुरुजी, तो कोट बेअऱ्याचा होता."

ते विणत राहिले. "कोणता कोट?"

"तुमचा. क्लबात घालून गेलते तो."

त्यांचे हात थांबले.

"कापड क्लबाचं उरलेलं होतं. खाकाही बेअऱ्यांचाच. भिंतीपाशी जे चार जण तुम्हाले दिसले, त्यांचे कोट मीच शिवले होते, त्याच महिन्यात. तुम्हाले पाहून कोणीही बेअराच समजला असता. तुमच्या जागी कलेक्टर असते तरी."

"बटना?"

"त्याही त्यांच्याच."

"अन धोतराचं?"

"धोतर चालत होतं गुरुजी. कार्डावर लेहलं होतं. मी खोटं सांगतलं."

त्यांनी दोरीचं आपलं टोक खाटेवर टाकलं. मग म्हणाले, "म्हणजे माह्या तोंडात तसं काही नव्हतं?"

"नाही गुरुजी."

"मास्तर, मी रोज सकाळी आरशात पाहून दाढी करतो. रोज पाहतो, का काय हाय बा या तोंडात, का माह्या लेकरानंही मले वळखलं नाही. बारा वर्षं पाहून राह्यलो."

"त्यांनी तुमच्या तोंडाकडे पाह्यलंच नाही," मी म्हणालो. "ते दाराकडे पाहत होते. तुमची वाट पाहत होते. काल दुकानात आलते. त्यांना अजून वाटते, तुम्ही त्या दिवशी आलेच नाही."

गुरुजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. पुन्हा घातली. "कुठं हाय तो?"

"बालाघाटात. डाक बंगल्यावर. मी त्यांना अजून काही सांगतलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन."

"त्याले काय सांगायचं ते मी सांगीन," ते म्हणाले. उठून उभे राहिले, एक हात खाटेच्या पायावर टेकवून. "बस कवा हाय?"

"अकराची."

ते आत जायला निघाले आणि दारात थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. तो राग मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तो बरोबर होता.

"कोट घाईत शिवल्या जाते मास्तर, त्याचं मले काही नाही. पण मी तुमच्या समोर बसून बोललो होतो. तोंडाचं. तवा तुम्ही काहून नाही सांगतलं?"

वाटेत मी कारणं जुळवली होती. तीन अधिकाऱ्यांचे कोट, क्लबाचं काम, माझं एकट्याचं घर, तुम्ही येणं बंद कराल ही भीती. सगळी खरी होती. त्यांतलं एकही मी बोललो नाही. हातातली दोरी खाली ठेवली, उभा राहिलो आणि म्हणालो,

"गुरुजी, मी गप्प राह्यलो. तुम्ही स्वतःले नावं ठेवत होते अन मी ऐकत बसलो. मले सगळं माहीत होतं. माह्या हातून फार वाईट झालं. मले माफ करा."